देवाच्या डावात टाकलेली पानं

तीन पानी खेळात गरीब माणूस का हरतो, असं मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो: त्याला पानं टाकता येत नाहीत. नशिबाची गोष्ट नंतर. आलेली तीन पानं शेवटपर्यंत धरून बसणं म्हणजे मर्दपणा आणि ती पालथी करून बाजूला सारणं म्हणजे शरण जाणं, हे त्याच्या डोक्यात कुणी भरवलं ते मला ठाऊक नाही. ज्यांचा त्यात फायदा होता त्यांनी ते कधी बाहेर काढलं नाही, एवढं मात्र पाहिलंय.

मी हे शिकलो ते बहिणीच्या सासरी. मालवणच्या दक्षिणेला किनाऱ्यावर ती वाडी आहे. नाव देत नाही, कारण तिथली माणसं अजून त्याच दोरीला हात लावून उभी असतात. मी मूळचा जामसंड्याकडचा, मासे मारणाऱ्यांच्याच घरातला. मॅट्रिक झालो आणि कणकवलीला एका छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. काम सुटलं की दारू, जुगार, हुंडा यांच्याविरुद्ध पत्रकं लिहायची, मालकाच्या उरलेल्या कागदावर छापायची आणि रविवारी एसटीने जाऊन गावोगाव वाटायची, हा माझा आणि दोन मित्रांचा उद्योग. ताईच्या वाडीत मला 'कागदवालो' म्हणत. मी रस्त्यावर दिसलो की एखादी म्हातारी मासळीच्या पाटीवरून हाक मारायची, "रे कागदवाल्या, दोन कागद दी रे, सुकट बांधूक." मी देत असे. रागाने, पण देत असे.

घाटावरच्या वाचकांसाठी रापण म्हणजे काय ते सांगायला हवं. ते एका माणसाचं जाळं नसतं. प्रत्येक घर आपला तुकडा आणतं, सगळे तुकडे एकमेकांना जोडले की अर्धा किनारा वेढील एवढं जाळं होतं. ते होडीतून समुद्रात सोडायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून साऱ्या वाडीने वाळूवर ओढायचं. मग मासळीचे वाटे पडतात. दोरी ओढणाऱ्याचा एक, आणि त्याचं जाळं त्यात असेल तर जाळ्याचा वेगळा. जाळ्याचा तुकडा आहे तोवर माणूस भागीदार. तुकडा गेला की मजूर. बाकी सगळं तेच असतं, तीच दोरी, तीच वाळू, हातांना तेच फोड.

आता त्या वाडीचा रिवाज. दहीकाल्याच्या दुपारी समुद्राकाठच्या मांगरात, म्हणजे जाळी ठेवायच्या छपरात, रापणीचा म्होरक्या, तांडेल, देवाला गाऱ्हाणं घालून पत्ते वाटायचा. असे पाच डाव देवाचे. ज्या घराचं जाळं रापणीत, त्या घरचा माणूस या पाच डावांना बसलाच पाहिजे. पैसा लावायचा नाही, वस्तू लावायची. आणि देवाच्या डावात पानं टाकायची नाहीत. एरवी तीन पानीत हात वाईट आला तर माणूस पानं पालथी करतो आणि सुटतो. इथे तसं नाही. देवाच्या नावाने वाटलेली पानं शेवटपर्यंत धरायची, कुणी चढवलं तर तेवढ्या तोलाची वस्तू पुढे ठेवायची, आणि शेवटी सगळ्यांनी एकदम उघडायची. पाच डाव झाले की मग ज्याला विड्यांवर खेळायचं त्याने खेळावं.

वाडवडिलांच्या काळात यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. लावायला नारळ, चढवायला फार तर दुसरा नारळ. जिंकलेल्याने ते देवळात न्यायचे, फोडायचे, सगळ्यांनी खोबरं खायचं. रिवाज वाईट नव्हता, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण माझ्या पत्रकांत मी तसं कधी लिहिलं नाही.

मग वाडीतलाच एक जण, मुंबईला गोदीत मुकादम झालेला, अष्टमीला रजा काढून यायला लागला. सगळे त्याला चाकरमानी म्हणत. त्याच्या बापाचं जाळं रापणीत होतं, म्हणून तो डावाला बसायचा. येताना नायलॉनच्या दोऱ्याची बंडलं आणायचा. आमच्याकडे तेव्हा तागाची जाळी. ती सालीच्या काढ्यात बुडवून टिकवायची आणि तरी दर पावसाळ्यात अर्धी कुजायची. नायलॉन कुजत नाही, हे लोकांनी ऐकलं होतं. पांढराशुभ्र, चकचकीत. बायकासुद्धा मांगराच्या दाराशी येऊन बघून जायच्या.

त्याची रीत सोपी होती. पानं आली की बघायचा. वाईट असली तर गप्प बसायचा, नारळ हरायचा आणि हसायचा. पाचांपैकी एखाद्या डावात पानं जड आली की नायलॉनचं बंडल पुढे सरकवायचा. आता त्याच्या तोलाचं दुसऱ्यांकडे होतं काय? ज्याच्या घरात तांब्याची भांडी होती तो ती पुढे करून निभावायचा, बाकीच्यांकडे एकच वस्तू, जाळ्याचा तुकडा. आणि पानं टाकायची तर सोय नाही. तो आपला डाव निवडून खेळायचा, बाकीच्यांना आला तो डाव खेळावा लागायचा. याला मी खेळ म्हणत नाही. दोन वर्षांत दोन घरांचे तुकडे त्याच्याकडे गेले. दुसरा गेला तो ताईच्या शेजाऱ्याचा. रापण तीच, तुकडा त्याच जागी जोडलेला. वाटा मात्र चाकरमान्याच्या भावाच्या अंगणात जाऊन पडायला लागला. आणखी चार-पाच तुकडे मिळाले असते तर रापण वाडीची राहिली नसती, त्याची झाली असती.

आणि आम्ही काय करत होतो? आम्ही 'जुगार सोडा' या मथळ्याचं पत्रक वाटत होतो.

त्या पावसाळ्यात आषाढात मी ताईकडे गेलो. भावोजी ओटीवर बसून जाळं विणत होते. माझ्या हातातलं नवं पत्रक त्यांनी घेतलं, चौथीपर्यंत शिकलेला माणूस वाचतो तसं बोट फिरवत सगळं वाचलं आणि म्हणाले, "मेवण्या, सोडा म्हणान लिवलंस ता बरा केलंस. पण पानां खंयची सोडूची आणि खंयची धरूची, ता खंय लिवलंस?"

मी त्यांना अर्धा तास सुनावलं. जुगाऱ्याला जुगार शिकवणं हे आमचं काम नव्हे, वगैरे. ते विणत राहिले. ताई आतून म्हणाली, "मग यंदा आमचा जाळां गेला की तेच्यावर पण एक कागद काढ."

तिच्या आवाजात रागही नव्हता. त्या तुकड्याचा ताग तिने स्वतः वळला होता, लग्न होऊन आली त्या वर्षापासून. भावोजींच्या बापाने रापणीच्या मधोमध, जिथे मासळी येऊन साठते त्या घोळाला लागून, आपली जागा मिळवली होती. पुढच्या अष्टमीला चाकरमान्याचा डोळा त्याच तुकड्यावर आहे, हे साऱ्या वाडीला माहीत होतं. तो गेल्या चतुर्थीला बोलूनही गेला होता की, घोळाजवळचं जाळं नायलॉनचं असायला पाहिजे.

मी कणकवलीला परत आलो आणि पत्त्यांचा एक जोड विकत घेतला. छापखाना बंद झाल्यावर मेजावर सहा हात वाटायचे, उघडायचे, लिहायचे, परत पिसायचे. असं पंधरा दिवस. मालकाने एकदा पाहिलं आणि माझं व्यसनमुक्तीचं काम कसं चाललंय ते विचारलं. मी परत पत्ते पिसायला लागलो. पण कागदावर जे उतरत होतं ते पाहून माझंच डोकं गरम व्हायचं. चार हातांमागे तीन हात रिकामे. ना जोडी, ना एका रंगाची, ना सलग, नुसती तीन वेगळी पानं. म्हणजे जो माणूस प्रत्येक हात धरतो तो चारांतले तीन वेळा रिकाम्या हाताने लढायला उभा राहतो, आणि वर त्याला छाती म्हणतो.

मी एका पानावर सगळं लिहिलं. जोडी असेल तर धरा, राणीची किंवा त्यावरची असेल तर निर्धास्त धरा. जोडी नसेल आणि एक्काही नसेल तर टाका, विचार करू नका. एकटा एक्का असेल आणि बोलायची पहिली पाळी आपली असेल तरी टाका, कारण मागे पाच जण बसलेत आणि त्यांच्याकडे काय आहे ते आपल्याला कळायचं आहे. शेवटची पाळी असेल तर थोडं हलकं पानही चालेल. दोघांत जो हात मोठा तो सहांत मोठा नसतो. न बघता खेळणं ही हिंमत नव्हे. आणि एकदा टाकलेलं पान नंतर उलटून बघू नका, त्याने पुढचा हात बिघडतो.

श्रावणात ते पान घेऊन गेलो. भावोजींनी ते पाठ केलं. दुपारी जाळं बाजूला ठेवून आम्ही बसायचो. मी तीन पानं द्यायचो, ते बघायचे आणि मी दहा मोजायच्या आत सांगायचे, धरली का टाकली. पहिल्या दिवशी त्यांच्याच्याने टाकवेना. गुलाम, आठ आणि तीन, असा फाटका हात, तरी बोटं सुटेनात. "येतलो ह्यो हात वळणार," म्हणायचे, जणू काही पानं म्हणजे अंगणात आलेलं वासरू. चौथ्या दिवशी हात सुटला. पटापट टाकायला लागले, हसायलासुद्धा लागले. आणि मग एकदम थांबून म्हणाले, "ह्या सगळा विड्यांच्या खेळाक. देवाच्या डावात टाकूक खंय गावता?"

मी सांगितलं, टाका. देव काही चाकरमान्याच्या बाजूने बसलेला नाही. ताई दारात उभी होती. त्याच दिवशी तिने जाळ्याचा तो तुकडा माळ्यावरून काढून पडवीत आणून ठेवला. येता-जाता भावोजींना दिसावा म्हणून.

दहीकाल्याच्या दिवशी सकाळी मी तांडेलाकडे गेलो. ताठ, पांढऱ्या मिशांचा म्हातारा, पत्ते वाटायचा मान त्याचा. चढवायला मर्यादा घाला, एवढंच मागितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, जो खेळत नाही त्याला मांगरात बोलायला जागा नाही. उभं राहायचं तर दाराशी राहा.

दाराशी राहिलो. बाहेर पाऊस, समुद्र गढूळ, छपराच्या झावळ्यांतून पाणी टपकत होतं. आत गोणपाटावर सहा जण. तांडेल, चाकरमानी, त्याच्या डाव्या हाताला शेजारी, त्याच्या डाव्या हाताला भावोजी, आणि दोघे इतर. शेजाऱ्याचं जाळं गेलेलंच होतं, त्याला बसायची सक्ती नव्हती. तो आपलं जाळं परत मिळवायला बसला होता. हरलेला माणूस तिथेच परत का जाऊन बसतो, यावर मी दोन पत्रकं लिहिली आहेत. त्याचा चेहरा पाहिला तेव्हा ती दोन्ही खोटी वाटली.

तांडेलाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुझ्या नावान ह्यो खेळ मांडलो हा, तो गोड मानून घे रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "होय म्हाराजा." चाकरमानी सर्वांत मोठ्याने म्हणाला.

पहिला डाव गेला. चाकरमानी गप्प, नारळ हरला. दुसराही तसाच. तिसऱ्यात भावोजी नारळ जिंकले आणि कुणीतरी थट्टा केली की, मेवण्याचा कागद लागू पडला. सगळे हसले. भावोजी हसले नाहीत. चौथ्या डावात चाकरमान्याने पानं बघितली, परत छातीला लावली आणि पाठीमागून नायलॉनचं बंडल काढून गोणपाटावर ठेवलं. या वर्षी दोन बंडलं. मोठी.

शेजाऱ्याने क्षणभर बघितलं आणि खाडीत एकट्याने फेकायचं त्याचं पागाचं जाळं पुढे ओढलं. त्याच्या घरात मासे मारायला उरलेलं ते शेवटचं होतं. "तोलाक नाय भरत," चाकरमानी म्हणाला, "पण ऱ्हवांदे. शेजारधर्म."

मग पाळी भावोजींची. पुढे काय येणार ते सगळ्यांना माहीत होतं. ताईने पडवीत ठेवलेला तो तुकडा. भावोजींनी पानं उचलली, अंगठ्याने एकेक कोपरा सरकवून बघितला. मी मनात मोजायला लागलो. दहा होऊन गेले. वीस होऊन गेले. त्यांच्या कपाळावरचं पाणी पावसाचं नव्हतं. मग त्यांनी तिन्ही पानं एकत्र केली, पालथी केली आणि गोणपाटावर सरकवली.

"माझी टाकली."

त्या मांगरात, देवाच्या डावात, हे शब्द कुणी कधी ऐकले नव्हते.

तांडेल हळूच म्हणाला, "देवाची आसत ती, झिला."

"देवाचीच आसत. देवाकच परत करतंय."

चाकरमानी म्हणाला, बायको घरी रडेल म्हणून पळाला. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. तांडेलाने भावोजींच्या पालथ्या पानांवर एक नारळ ठेवला, उरलेली पानं जमिनीवर टाकली आणि सांगितलं, पानां देवाक परत गेली, डाव मोडलो, ज्याने त्याने आपली वस्तू उचला. चाकरमान्याने संतापून आपली पानं उघडून आपटली. सात, आठ, नऊ, तिन्ही इस्पिक. त्या हाताला हरवणारं कुणाकडे काही असणं जवळजवळ अशक्य होतं. शेजाऱ्याने पागाचं जाळं छातीशी घेतलं आणि पावसात निघून गेला. पाचवा डाव झालाच नाही.

मला वाटलं, जिंकलो. परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात नव्या पत्रकाचा मथळासुद्धा जुळवला. मी रिकाम्या हातांची मोजदाद केली होती. दोरीवरच्या हातांची केली नव्हती.

गणपतीत ताईचा निरोप आला. वाडी बोलत नव्हती. भजनाला भावोजी गेले तर माणसं सरकून बसायची, जागा द्यायची, पण शेजारी टेकायची नाहीत. देवाची पानं टाकणाऱ्याचं जाळं रापणीत घेतलं आणि समुद्र रिकामा राहिला तर दोष कुणाचा, असं चाकरमान्याच्या भावाने विचारलं होतं. आणि त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. गणपती बोळवले की रापण जोडायची, तेव्हा यांचा तुकडा बोलावणार नाहीत, असं पाणवठ्यावर उघड चाललं होतं. ज्या तुकड्यासाठी एवढं केलं तो घरात पडून कुजणार. मजुरी करूनही जो वाटा मिळतो तोसुद्धा नाही, कारण दोरीला हात लावायला कुणी बोलावलं पाहिजे ना.

मी जोडणीच्या दिवशी पोचलो. ऊन पडलं होतं, वाळूवर जाळी पसरलेली, माणसं ओणवी होऊन एकेक तुकडा शिवत होती. भावोजी घरीच बसले होते. मी खूप बोललो, त्यांनी ऐकलं नाही. तेव्हा ताईने तुकडा डोक्यावर घेतला आणि निघाली. ओझं एवढं की मानेच्या शिरा दिसत होत्या. मग आम्ही दोघेही तिच्या मागून गेलो.

तिने तो तांडेलाच्या पायांशी टाकला. कुणी काही बोलायच्या आत म्हणाली, "देवाची पानां म्हणतास, मगे देवान बघलान नाय काय ती टाकताना? तो गप ऱ्हवलो. तुमका कसली घाय?"

तांडेलाने हातातली जाळं शिवायची सुई खाली ठेवली. मग मांगरात गेला. आम्हीही गेलो, सगळेच गेले. कोपऱ्यात तो नारळ होता, आणि त्याच्याखाली ती तीन पानं. एकवीस दिवस त्यांना कुणी हात लावला नव्हता. लावणार कोण? देवाची. तांडेलाने नमस्कार केला, नारळ बाजूला ठेवला आणि दमटपणाने चिकटलेली पानं एकेक सोडवून उलटी केली.

राणी. राणी. सात.

शेजारी माझ्या मागेच होता. तो म्हणाला, "जोडी टाकलीन? राणीची?"

माझ्या कागदावर होतं, निर्धास्त धरा. भावोजींनी माझं ऐकलं असतं तर जाळं गेलं असतं. हात मोजताना मी एक गोष्ट लिहायलाच विसरलो होतो: चढवतोय कोण ते बघा. जो माणूस वर्षभर थांबून एकदाच चढवतो, त्याच्यापुढे राणीची जोडी म्हणजे रिकामा हातच. पंधरा दिवस मेजावर पत्ते वाटले, पण माझ्या समोर चाकरमानी बसलेला नव्हता.

तांडेलाने भावोजींना विचारलं, "भियान टाकलंस काय रे?"

"भियान टाकतलंय तर वायट पानां टाकतलंय," भावोजी म्हणाले. "माका ह्यो खेळ खेळूचोच नव्हतो. दोन वर्सां झाली, खेळूचो नव्हतो. टाकूचा कसा ता गावत नव्हता. मेवण्यान आठ दिवस टाकूक शिकयल्यान, तेवढा गावला."

मग तांडेलाने तो नारळ तिथेच दगडावर फोडला आणि सांगितलं की, यापुढे देवाच्या डावावर नारळापलीकडे काही लागणार नाही. चाकरमान्याचा भाऊ काहीतरी म्हणायला गेला, तर म्हातारा त्याला म्हणाला, मुंबईक कळव.

पण तुकडा घोळाजवळच्या जागी लागला नाही. रापणीच्या अगदी टोकाला, दोरीला लागून शिवला. बापाची जागा गेली. मी भांडायला पुढे झालो तेव्हा भावोजींनी माझा दंड धरला. टोकाच्या जाळ्याचा वाटा कमी नसतो, फक्त मान कमी असतो. आणि तो कमी का असावा, हे मला आजही कुणी पटवून द्यावं.

पहिली ओढ मी त्यांच्याबरोबर ओढली. तळहात सोलून निघाले. बांगडा बरा आला. वाटे पडले, तेव्हा आमच्यापुढे दोन ढीग, एक माणसाचा आणि एक जाळ्याचा. ताई पाटीत भरायला लागली. चाकरमान्याने जिंकलेले दोन्ही तुकडे रापणीत होतेच. ते परत द्यायला तांडेलाने सांगितलं नाही, आणि कुणी मागितलंही नाही. त्यांचे ढीग त्याच्या भावाने उचलले.

शेजाऱ्यापुढे एकच ढीग. तो त्याच्याजवळ उकिडवा बसला होता, मासे मोजत नव्हता. मी जवळून जाताना त्याने वर बघितलं.

"गेल्या वर्सा खंय होतंस, रे?"

मी तिथेच होतो. गेल्या वर्षी, डावाच्या आदल्या रविवारी, त्याच्याच अंगणात उभा राहून मी त्याच्या हातात पत्रक दिलं होतं. 'जुगार सोडा.' त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं होतं, घडी करून टोपीत ठेवलं होतं. कसा सोडायचा, ते त्यावर नव्हतं.

मी त्याला ते सांगितलं नाही. त्याच्या पाटीचा एक कान धरला, त्याने दुसरा धरला, आणि एवढ्याशा ओझ्याला दोन माणसं कशाला, असं न म्हणता तो चालू लागला.